बरणीतला पाइप

उद्यमनगरात, तिसऱ्या गल्लीत,
बाळेखान शिकलगारांनी बॉनेट उचललं
आणि वाकून आधी वास घेतला.
मीही घेतला.
त्यांना पेट्रोल आलं, मला नोकरी.

एकतीस वर्षं कारखान्याच्या डिस्टिलरीत
मळीचं पुढं काय होतं ते मी काचेच्या नळीत पाहिलं.
किती अंश, किती पाणी, किती शुद्ध,
आणि खाली सही, सु. भ. चौगुले.
ज्या वर्षी डिस्टिलरीचा भोंगा पहिल्यांदा वाजला
त्याच वर्षीच्या बोनसातून ही मारुती आली.
तेव्हा पांढरी. आता सायीच्या रंगाची.
लिटरला सोळा देत होती,
गेल्या दिवाळीपासून साडेचौदा.

"पाइप बघा की, बाई," बाळेखान म्हणाले.
भिजत घातलेल्या वालासारखा फुगलेला रबर.
वाकवला तर बारीक भेगा,
टाचेला पडतात तशा.
कार्बोरेटरच्या वाटीत हिरवट पांढरं काहीतरी.
"ही तुमचीच करणी."

मी म्हटलं, वीसच टक्के आहे हो.
"व्हय, पाच भावांतला एकच की.
पर ह्यो भाऊ एकटा ऱ्हात न्हाय,
पाण्याला बोलवून आणतोय घरात."

माझ्या पिशवीत मोजपात्र होतं.
निरोपाच्या दिवशी मिळालेल्या शालीत गुंडाळून आणलेलं.
चोरलेलं म्हणा.
नव्वद पेट्रोल, दहा पाणी. तौफिकनं हलवलं.
बाकावर ठेवलं, आणि आम्ही तिघं
दूध उतू जाईल म्हणून बघावं तसं बघत बसलो.
खालचा थर दहावरून वर सरकला,
वीस, पंचवीस,
अठ्ठावीसवर थांबला.
शेजारच्या लेथवर कुणीतरी पिस्टन घासत होतं
आणि मला उगाच वाटलं,
कुणीतरी सही मागेल आता.

मग मी विचारलं, चालेल ना गाडी?
डॉक्टरला विचारतात तशा आवाजात,
हे माझं मलाच ऐकू आलं.

"चालाय काय, चालतीया.
पाइप बदलू, ग्यास्किटं बदलू,
जेट एक नंबर मोठा घालू.
टाकीचं मातर मी न्हाय सांगायचा,
तिच्या आत कोण जाऊन आलंय?
आनि उभी ठिवू नगा.
उभ्या गाडीत त्यो आनि पाणी
गुपचूप खाली जाऊन बसत्यात."

बाराशे चाळीस झाले. चाळीस घेतले नाहीत.
जुना पाइप मी मागून घेतला.

आता गच्चीवर सावलीत दोन बरण्या आहेत,
एकीत जुन्याचा तुकडा, एकीत नव्याचा,
दोन्हींत पंपावरचं तेच पेट्रोल.
दर रविवारी व्हर्नियर लावते, वहीत लिहिते.
वैजयंता विचारते, आत्या, लोणचं मुरलं का?
सात रविवार झाले.
जुना साडेनऊवरून अकरा.
नवा अजून काही बोललेला नाही.
सात रविवार म्हणजे काहीच नाही, हे मला कळतं.
कागदावर सही करण्याइतकं तर नाहीच.

काल बालिंग्याच्या पुलाअलीकडं अडकले.
पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर,
ऊस रस्त्यावर शेपटीसारखा लोळत चाललेला,
स्पीकर फुटेस्तोवर गाणं.
पुढं ऊस ट्रॉलीत, मागं ऊस टाकीत,
मधे मी, पाय क्लचवर.
कितव्या वर्षीचा असेल माझ्या टाकीतला?
माझ्या हाताखालून गेलेला नसणार,
मी सुटून तीन हंगाम झाले.

ट्रॅक्टरवाल्या पोरानं मागं न बघता हात केला, जा.
तिसरा टाकला. तिनं एक आचका दिला,
गाडीवर मी ओरडले, "ए बाई!"
आणि मग गेली, ट्रॉलीच्या सावलीतून,
काचेवर उसाची पातं घासत.
कळं ओलांडेपर्यंत
मी खिडकी उघडीच ठेवली होती,
वासासाठी.