छाट

नीलम नगरच्या तिसऱ्या गल्लीत
वीज गेली की माग थांबतात
आणि तेव्हाच कळतं
इथं खोकला किती आहे.

मी रजिस्टर घेऊन दारात.
बालमणी यंगलदास. वय पंचेचाळीस, की बावन्न.
आधारवर एक, रेशन कार्डावर दुसरं,
कारखान्याच्या पुस्तकात तिसरंच,
आणि तिला विचारलं तर म्हणते,
"थोरलीच्या वेळी सोळाची होते, तू धर हिशेब."

मांडीवर सूप, सुपात पानं, तंबाखू, दोरा.
बोलताना बोटं थांबत नाहीत.
मी डबी पुढं करते : सकाळचा पहिला बेडका यात,
झाकण घट्ट, आणि दहाच्या आत दवाखान्यात.
"दहाला माल द्यायचा असतो," ती म्हणते.
डबी मात्र ठेवून घेते, देवाच्या फळीवर.

आत कॉटवर नवरा.
चाळीस वर्षं चादरी विणल्या त्यानं.
अंगावर बाजारातली स्वस्त पानिपतची ब्लँकेट.
त्याबद्दल आम्ही कुणीच काही बोललो नाही.

निदान झालं. गोळ्या फुकट.
पोषणाचे पैसे यायचे तर खातं हवं,
नवऱ्याचं नाही, म्हणून तिचं.
बँकेत यंगलदास, आधारला येंगलदास.
एक मात्रा.
औषधाची मात्रा लागू पडली,
ही पडेना.

मग अक्कलकोट रोडचं ते केंद्र.
मशीनवर अंगठा. नाही.
पूस. पुन्हा. नाही.
तर्जनी ठेवा. मधलं ठेवा. दुसरा हात.
तीस वर्षांच्या पानांनी, कात्रीनं
रेषा कधीच घासून नेलेल्या.
चेकरपुढं विड्या मांडाव्यात
तशी तिनं दहा बोटं मांडली
आणि दहाही छाट निघाली.

परतताना रिक्षात मी गप्प.
तीच म्हणाली, "हजारात पन्नास छाट काढतो तो.
छाट म्हणजे खराब नसते गं पोरी.
तीही विकतो.
पैसे फक्त मला देत नाही."

हे मी रजिस्टरात लिहिलं नाही.
तसा रकाना नाही.

माझं मानधन तीन महिने आलेलं नाही,
हेही मी तिला सांगितलं नव्हतं.
घरी पोचल्यावर म्हणाली, "तिन्नवा?"
आणि जेवलीस का याचं उत्तर न ऐकताच
भातावर पुलुसू ओतलं.
इतकं आंबट, की डोळ्यांत पाणी आलं ते त्यानंच, असं म्हणता आलं.

माझ्या चिठ्ठ्या ती फाइलीत ठेवत नाही.
कुठली खिडकी, कुठला साहेब, कुठला वार,
मी लिहून दिलेली एकेक चिठ्ठी
ती वळते, बारीक, दोऱ्यानं बांधते,
कट्ट्यासारखी पिशवीत ठेवते.
उलगडायला वेळ लागतो,
खिडकीमागचा माणूस चिडतो.
चिडू दे, म्हणते, माझाही वेळ जातोच की.

परवा सिव्हिलमध्ये गेले दुसऱ्याच पेशंटला घेऊन,
तर ही केसपेपरच्या रांगेत.
सोबत शेजारची मुमताज, सातवा महिना, घाबरलेली.
अर्धी तेलुगू, अर्धी हिंदी, मध्येच मराठी शिवी,
चार नंबरला जायचं नाही, आधी सातला,
झेरॉक्स दोन काढ, अंगठा नाही आला तर
डोळ्याचं मशीन माग, असतं त्यांच्याकडं, सांगत नाहीत.
आणि पिशवीतला कट्टा सोडून
त्यातली एक विडी, म्हणजे चिठ्ठी,
तिच्या हातात.
अक्षर माझं.

मला तिनं बघितलं नाही.
मीही हाक मारली नाही.

पैसे अजून आलेले नाहीत.
नवऱ्याचं वजन दीड किलोनं वाढलंय,
ते मी दोनदा मोजलं.

आज वीज गेली नाही.
मागांच्या आवाजात खोकला ऐकू येत नाही,
म्हणून एकेक दार
वाजवत चालले आहे.