तक्ता कालचा आहे

पहाटे चारपासून सुरू, दुसऱ्या पहाटे चारला संपतो.
अर्ध्या अर्ध्या तासाचे अठ्ठेचाळीस चौकोन.
अप्पर इंदिरानगरच्या चढावर, पाण्याच्या टाकीमागे,
विमल ओव्हाळ उंबऱ्यात बसून
मला तिचा काल सांगते.

पाचला पाणी. साडेपाचला डबे, तीन.
सातला उतार उतरून सहकारनगर, चार घरं:
पहिल्या घरी ज्वारीच, साहेबांना शुगर;
दुसऱ्या घरी तेल चमच्यानं मोजून;
तिसरीकडच्या काकू सातनंतर तोंडात काही घालत नाहीत,
त्यांचं सूप दुपारीच करून झाकायचं;
चौथीकडचा मुलगा उठतो बाराला
आणि त्याला पोळी तव्यावरचीच लागते.

"आणि तुम्ही जेवलात कधी?"
ती वर बघते, पत्र्यावर लिहून ठेवल्यासारखं.
"चहा-खारी झाली की अकराला. उभ्या उभ्या."
उभ्या उभ्याला माझ्याकडे कोड नाही.
"मग?"
"मग चारला घरी. सकाळचा भात होता."
"किती वेळ लागला?"
"भाताला काय वेळ लागतो, ताई."

पेन्सिलीनं एक टिंब देते, खोडता येईल असं.

बीपीची गोळी जेवणानंतर घ्यायची, पाकिटावर लिहिलंय.
जेवण सापडेपर्यंत ती पदराच्या गाठीत राहते.
गाठ सोडून दाखवली तिनं.
तीन होत्या.

परवा बाणेरला एक जण म्हणाला,
रात्री तीन वाजता बिर्याणी, लॅपटॉपसमोर, दोन चौकोन.
जेवण लिहू की काम?
"दोन्ही लिहा ना," म्हणाला, आणि पोटावर हात फिरवत
ॲसिडिटीची बाटली शोधू लागला.

सह्या झाल्या. मी पिशवी उचलते.
"तुमी जेवलात का?"
हो, म्हणाले मी. पटकन म्हणाले.
तिनं काहीच न बोलता परात ओढली.

भाकरी फुगली, फाटली, वाफ माझ्या चष्म्यावर.
वांग्याचं कालवण, कालचंच, पण जास्त मुरलेलं.
पाहुणीला एकटं जेवू घालायचं नसतं, म्हणून
तीही बसली. मांडी घालून.
कोणी घड्याळ बघितलं नाही; मी बघितलं,
एकदाच, सवयीनं:
एक चाळीस ते दोन दहा.
पूर्ण अर्धा तास. मग तिनं गाठ सोडली,
एक गोळी, तांब्याभर पाणी.

पेन्सिल हातात घेतली आणि आठवलं,
आजचं लिहायला यात जागा नाही.