काठाला शिवलेलं

गड्ड्याचे दिवस होते, जानेवारीतले.
चार हजार दोनशे टॉवेल आम्ही परत उघडले.
लेबलावर धुण्याच्या टबाचं चित्र उलटं छापलं होतं, बस एवढंच.
एमआयडीसीतलं पत्र्याचं शेड, रात्रपाळी,
सहा जणी ब्लेड घेऊन बसलो. नुसतं उसवायचं.

समोर स्टुलावर मोबाईल उभा केलेला.
त्यात यी-चुन, खरेदीदाराकडची, तैवानची,
माझ्याच वयाची, अठ्ठावीस.
आमच्याकडे दीड, तिच्याकडे पहाटेचे चार.
आम्ही खरंच उसवतो का, हे बघायला तिला जागं ठेवलेलं.
तासाभरात तिलाच कंटाळा आला
आणि मोडक्या इंग्रजीत आम्ही बोलत सुटलो.

म्हणाली, आम्हाला इकडे स्ट्रॉबेरी म्हणतात.
दिसायला छान, जरा दाबलं की डाग.
मला हुतात्मा चौकातली ती पेटी आठवली,
ऐंशी रुपयांची. वरचा थर लालबुंद,
खालचा घरी येईस्तोवर चेपलेला.
आई म्हणाली होती, फळच नाजूक.
पेटी भरली कुणी, हे कोण विचारतंय.

जपानातल्यांना म्हणे 'ज्ञान झालेले' म्हणतात,
गाडी नको, घड्याळ नको, बढती नको.
मी हसले. आमच्याकडे असल्या माणसाचा
लोक मठ बांधतात, म्हटलं.
ती नाही हसली. तिच्या सोलच्या मित्राच्या पिढीनं
आधी तीन गोष्टी सोडल्या: प्रेम, लग्न, मूल.
मग घर. मग माणसं.
मग मोजायचंच सोडलं.
आणि पलीकडच्या किनाऱ्यावर नुसते आडवे पडतात,
त्याचंही नाव ठेवलंय.

आडवा तर आमचा भास्करही पडतो,
पंख्याखाली, छातीवर मोबाईल,
तीन भरत्यांचे फॉर्म भरून झालेत, तिन्ही रखडल्यात.
नाना त्याला म्हणतात, लोळ बे लोळ, तुझ्या बापाचा कारखाना हाय.
नानांचे माग भंगारात गेले, त्या वर्षी
नानाही आठ महिने असेच पडून होते.
त्याला तेव्हा आम्ही कंबरदुखी म्हणायचो.

मलाही आहेत की.
पुण्याला गेली नाही: हिंमत नाही.
दोन स्थळं नाकारली: हिंमत जास्त.
आमच्या आळीत दोन्ही एकाच तोंडातून येतं,
तेलुगूत सुरू होतं, मराठीत संपतं.

यी-चुनला हे कसं सांगायचं कळेना, म्हणून
आईबद्दल सांगितलं. नरसव्वा, दिवसाला हजार बिड्या.
दोरा बांधते, वळण तपासते,
छाटात निघालेल्या बिडीला मनातल्या मनात शिवी देते,
पण लेबल काही तिच्या हातानं लागत नाही.
ते कारखान्यात.
आईच्या सुपातनं बंडल जातं ते बिननावाचं,
आणि तिला तेवढंच ओळखू येतं.

ती गप्प झाली. की नेटवर्क गेलं होतं, माहीत नाही.
मग म्हणाली, एक टॉवेल कॅमेऱ्याजवळ धर.
धरला. उसवलेल्या जागी सुईची बारीक भोकं.
जातील? तिनं विचारलं.
दोन धुण्यात, मी म्हणाले.
टॉवेलबद्दलच बोलत होतो आम्ही. बहुतेक.

सकाळपर्यंत नवी लेबलं लागली,
टब सरळ, पाणी थंड, पिळू नका.
कंटेनर गेला. तिचा अंगठा आला मेसेजवर.

एक टॉवेल मात्र डागात निघाला, तसाच घरी आणला.
नाना हौदावर तोंड धूत होते, हातात दिला.
कुठल्या कंपनीचा, म्हणाले, काठ उलटापालटा करत.
काय माहीत, म्हटलं.
त्यांनी तोंड पुसायच्या आधी
अंगठा आणि बोटात पोत धरला, चोळला, डोळे मिटून,
आम्हा दोघांना कधी असं पाहिलेलं नाही.

सूत चांगलंय, म्हणाले.
आणि आत हाक मारली,
भास्कर, ऊठ, बघ हे.