गुरुवारची बारी

कागदावर छापलेलं होतं: बारा दिवस, जेवण शाकाहारी.
पिंपळनेरच्या पतसंस्थेतल्या आम्ही अकरा जणी
आणि चंद्रभागाबाईंचे मिस्टर,
सगळ्यांच्या बॅगा उचलायला एकटेच.

आता सामोड्याच्या बंधाऱ्यावर पाय सोडून बसलेय
आणि भाचा विचारतो,
"मावशी, काय काय देखं तठे?"

तोलेदोच्या चढांनी गुडघे सुजले, हे सांगू?
कोर्दोबाहून निघाल्यावर नुसती ऑलिव्हची झाडं,
टेकडीवर टेकडी, विंचरल्यासारखी.
मिस्टर ओळी मोजत होते,
चारशेनंतर झोपले.
माणूस मात्र एक दिसला नाही शेतात.
आम्ही बसमध्ये शेव आणि ठेचा उघडला
तर ड्रायव्हरने खिडकी उघडली.

ग्रानादाच्या महालात
रेमेदिओस, आमची गाईड, लाल छत्री उंच धरून पुढे,
आणि सगळ्या माना वर, छताकडे.
मी खाली बघत होते.
फरशीत कोरलेली चार बोटांची चारी,
तिच्यातून पाणी चाललेलं,
सासरी नव्या आलेल्या सुनेसारखं, पावलाचा आवाज न करता.
मी विचारलं, हा उतार कोणी काढला?
तिला वाटलं मला बाथरूमला जायचंय.

आणि मग वालेन्सिया. गुरुवार.
बायकांना पंखे घ्यायचे होते, रेमेदिओस म्हणाली दहाच मिनिटं.
चर्चच्या दाराशी रिंगण करून खुर्च्या,
खुर्च्यांवर काळ्या डगल्यातली आठ माणसं.
डगल्याबाहेर आलेले हात बघितले
आणि ओळखलं, हे पाणी धरणारे हात.
बाराचे टोले पडले.
काठीवाला उठला, एकेका पाटाचं नाव घेऊन विचारू लागला,
या पाटाची कुणाची तक्रार?
कुणी नाही.
पुढचा पाट. कुणी नाही.
शेकडो वर्षं असंच, रेमेदिओस कानात म्हणाली,
तोंडीच सगळं, तिथल्या तिथे निकाल.

माझे वडील श्रावण पाटकरी.
वरच्या फडापासून खालच्या फडापर्यंत
बारी कुणाची हे त्यांच्या तोंडात असायचं, वहीत नाही.
वर्षाला ठरलेलं धान्य, आणि खांद्यावर फावडं.
बाहत्तर साली रात्री कुणी चारी फोडली
ते त्यांनी पाहिलं होतं.
पारावर नाव घेतलं.
पार गप्प.
दुसऱ्या दिवशी फावडं दुसऱ्याच्या खांद्यावर.
ते त्यानंतर पाटाच्या कडेने कधी चालले नाहीत,
दवाखान्यात जायचं तरी वळसा घालून.

काठीवाल्याने शेवटचं नाव घेतलं
आणि मी उभी राहिले.
कशी, मला विचारू नकोस.
साडीचा पदर खोचलेला, गळ्यात सहलीचं ओळखपत्र,
तोंड उघडं.
चंद्रभागाबाईंनी फोटो काढलाय, ग्रुपवर आहे.

रेमेदिओसने हात ओढला, म्हणाली, पर्यटकांसाठी नाही हे.
पण त्या काठीवाल्याने मला पाहिलं.
काठी टेकायची होती ना, ती टेकली नाही त्याने,
एक श्वास थांबला.
त्या एका श्वासात
मी अहिराणीत नाव घेतलं. चारी फोडणाऱ्याचं.
हळूच. घंटा वाजून गेल्या होत्या, तरी कुणाला ऐकू आलं नसेल.

"मंग? काय म्हन्ना तो?"

काय म्हणणार.
काठी टेकली, खुर्च्या उचलल्या,
कबुतरं पुन्हा खाली उतरली.
बायकांनी पंखे घेतले. मीही एक घेतला, तुझ्या आईला.

भाचा हसला, पुढे काही विचारणार होता,
तेवढ्यात त्याचा फोन वाजला.
त्याने बोट दाबलं
आणि पल्याड मळ्यात बोअरची मोटर सुरू झाली.
त्याला बारी लागत नाही.

सांडव्याच्या दगडावर शेवाळ वाळून पापुद्रे निघालेत.
मी एक काढला नखाने.
खाली दगड अजून गार होता.