एकवीस ठिपके

कॅमेऱ्याला हात शिकवायचे होते.
मनगटाचा एक ठिपका, बोटागणिक चार,
हिशोब एकवीसचा, हात कुणाचाही असो.

श्रमिकनगरात दारोदार फिरले.
मेथी निवडता निवडता शिंपीकाकूंनी अंगठा दाखवला,
पोरांनी मुठी, कुल्फीवाल्याने नमस्कार,
तो यंत्राला एकच हात वाटला.

पुंजारामकाका अंबडहून आले, फर्स्ट शिफ्ट सुटून.
उजवा हात खिशातच.
"माझा चालंन का? दोन कमी हायेत.
पॉवर प्रेसनं नेली, सत्त्याण्णव साली."

काढला. धरला.
ठिपके थरथरले, जरा गोंधळले,
मग करंगळी आणि तिच्या शेजारची
हवेतच, असायला हवी तिथं,
हिरव्या रेघांनी उभी राहिली.
खाली आकडा : पाच.

चुकलंय काका, मी म्हणाले,
याने पाचाखेरीज हात पाहिलेलाच नाही.

त्यांचं लक्ष नव्हतं.
नजर स्क्रीनवर, आणि डाव्या हाताचं नख
त्या रिकाम्या रेघेपाशी आणून
सावकाश खाजवत होते.
"कवाची खाज सुटती इथं," म्हणाले,
"जागा घावत नव्हती."

रेकॉर्डिंग मी बंद केलं.
कॅमेरा चालूच ठेवला.