गोडं पाणी

वादळ जाऊन तिसरा दिवस.
मी दवाखान्याचा शिपाई.
पाठीला सलाईनच्या बाटल्या, खिशात टाक्यांचा दोरा,
डॉक्टरांच्या मागून आडव्या पोफळींवर तोल सावरत
केळशीच्या खालच्या आळीत उतरलो.

विहिरींत खाडी शिरली होती.
माणसांसाठी टँकर येणार होता,
जनावरांचं कुणी काही बोललं नव्हतं.
ती काठाशी जात, हुंगत, मान फिरवत,
आणि परत तिथंच उभी राहत.

रुक्साना परकारच्या म्हशीला उडत्या पत्र्यानं कापलं होतं,
पुठ्ठ्यापासून पार खाली.
"सोळा पडतील," डॉक्टर म्हणाले, "धर नीट."
भूल अर्धी बाटलीच उरलेली.
तिनं एकदा पाय झाडला,
मग माझ्या खांद्यावर नाक टेकून
सोळाच्या सोळा सोसले.

"दावं कुणी कापलं त्या रात्री?"
"मीच. कोयतीनं. मग मायनाकांचं, मग दिसलं त्याचं.
त्या टोकाला पोचले नाय."
त्या टोकाला आम्ही सकाळीच जाऊन आलो होतो.
तिथली दावी शाबूत होती.
ताणलेली.

तलाठी कागद घेऊन फिरत होता.
"जखमी? जखमीला रकाना नाय हो,"
तो खरंच ओशाळून म्हणाला,
आणि सलाईनची बाटली उंच धरून
पाऊण तास उभा राहिला.

दुपारी हर्णैहून टेम्पो आला.
हरेश्वर पावसे, मागे मासळीचे आठ टप,
डोंगरातल्या झऱ्याच्या पाण्यानं काठोकाठ.
"होड्या फुटल्यात. टप रिकामेच होते."
गुरं धावली. धावली आणि थांबली.
मायनाकांचा पांढरा बैल टपात वाकला,
बांगड्याचा वास नाकात गेला,
असा शिंकला की हरेश्वर भिजला डोक्यापासून.
तीन दिवसांत पहिल्यांदा आळी हसली.
रुक्साना तर रडेपर्यंत हसली,
नंतर नुसतीच रडली.

कोरडी राख सगळ्या आळीत
एकाच डालड्याच्या डब्यात निघाली.
सोडणानं टप घासले, पुन्हा घासले,
अर्धं पाणी त्यातच गेलं,
हरेश्वर दुसऱ्या खेपेला डोंगराकडे.
मग प्यायली.
किती वेळ नुसता घोटांचा आवाज,
कुणी बोलेना.

निघताना पाहिलं,
गोठा गेला होता, खुंटा तेवढा उभा.
म्हैस त्याच्याशी जाऊन थांबली होती,
गळ्यात काही नसताना,
रोजच्याच अंतरावर.
"बांधायची नाय आता," रुक्साना म्हणाली,
कुणाला ते कळलं नाही.

रात्री घरी आलो.
कंदील घेऊन आधी शेळीकडे गेलो.
बापानं शिकवलेली गाठ, कधीच न सुटणारी.
नखं दुखेपर्यंत सोडवली.
सुरगाठ मारली, एका ओढीत सुटेल अशी.
शेळीनं माझा हात हुंगला
आणि शिंकली.