डाव्या दाराच्या पिना

गोळीबार चौकातून टिमकीकडे वळलं की
हेडाऊंचं गॅरेज लागतं. एक टिनाचं छप्पर, एक कूलर,
आणि कोपऱ्यात हातमागाची मोडकी फणी
जी ते अजून फेकत नाहीत.

मे महिना. टिन तापून कडकड वाजत होतं.
मी म्हटलं, पुढचं दार लटकतं, उचलून लावावं लागतं.
ते म्हणाले, चौऱ्याहत्तरची फियाट आहे मॅडम,
लटकन नाही तं काय करन?

दाराखाली जॅक, जॅकवर लाकडी पाटा,
पाट्यावर जुना टॉवेल, रंग खरचटू नये म्हणून.
रात्रभर डिझेल पाजलेल्या बिजागरीला
खालून पंच लावला, पंचावर हातोडी.
जोरात नाही. आत कुणी झोपलंय
हे माहीत असलेल्यानं कडी वाजवावी तशी.
तिसाव्या ठोक्याला वरची पिन सरकली.
खालची अडून बसली, तिला दुपार लागली.

एक काढली तं बाकीच्याही पाहून घेऊ, म्हणाले.
चारही दारांच्या पिना रॉकेलनं पुसून
वर्तमानपत्रावर मांडल्या,
कपाळावरचा चष्मा खाली ओढला.
मागच्या उजव्या जवळजवळ कोऱ्या.
रहदारीच्या बाजूनं उतरायचं नाही, हा बाबांचा कायदा.
मागच्या डाव्या थोड्या घासलेल्या: मी, भाऊ, शाळा.
पुढची उजवी त्यांनी उजेडात धरून फिरवली.
"गाडी चालवायचं कोण?"
बाबा.
"ते तं उतरलेच नाहीत कधी."

मग पुढच्या डाव्या.
वरची बाहेरच्या अंगानं खाल्लेली, खालची आतल्या,
दोघींनी मिळून एक ओझं तोललेलं,
एकीनं ओढून, एकीनं रेटून.
नख अडकावं एवढा खड्डा.
बुश तर उरलेच नव्हते,
काळ्या ग्रीसमध्ये पितळेचा भुगा तेवढा.
"मागाचंही असंच," हेडाऊ म्हणाले,
"धोटा जिकडं आपटते तिकडचंच लाकूड झिजते.
इकडं कोण बसे?"

आई.
पंचफुला नर्सबाई, पाचपावलीचं सूतिकागृह.
ड्युटी संपून घरी आली तरी रात्री दीडला
कुणीतरी सायकलवर यायचं, धापा टाकत,
नुसतं "बाई" म्हणायचं.
बाबा पायजम्यावरच गाडी काढत.
तांडापेठ, लष्करीबाग, इंदोरा.
गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबे, पुढं मावतच नसे.
ती उतरे, दार उचलून आपटे,
बॅग घेऊन अंधारात शिरे.
बाबा स्टिअरिंगवर हात टाकून खर्रा चघळत बसत
पहिलं रडणं ऐकू येईपर्यंत. कधी ते येतच नसे,
तेव्हाही बसत.
रक्त पाहवत नसे त्यांना. पोस्टात शिक्के मारणारा माणूस.

आरसी बुकात नाव त्यांचं.
आम्हीही सगळीकडे सांगत आलो, बाबांची गाडी.

लेथवर गनमेटलचा तुकडा फिरला.
सोनेरी किस हेडाऊंच्या चपलेवर पडत राहिला.
भोक केसभर कमी ठेवलं, मग रीमर,
मग बोटानं ग्रीस, मग नवी पिन,
जी हातानं जाऊ नये आणि हातोडीनं रडू नये.

संध्याकाळी आईला खाली आणलं.
मी एका बोटानं ढकललं. दार गेलं. टच्, एवढंच.
मग ती पुढं झाली. पदर खोचला,
कंबर लावली, दोन्ही हातांनी दार उचललं,
आणि न लागलेल्या वजनापायी स्वतःच झोकांडली.
परत लावून पाहिलं. परत.

"आवाजच नाही येत वं," ती म्हणाली,
"लोकायले कसं समजन मंग, बाई आली म्हून?"

रुमालात बांधलेल्या जुन्या पिना
मी काढल्या नाहीत.
ती गाडीला वळसा घालून गेली,
उजवीकडचं दार उघडून बाबांच्या सीटवर बसली.
त्या दाराच्या पिना बदलल्या नव्हत्या.
गरजच नव्हती.